पहिली बीएमडब्ल्यू ई३० घेताना: जर्मनीत राहणाऱ्या नवख्या रसिकांसाठी

म्युनिक, स्टुटगार्ट किंवा इंगोलश्टाट येथे नोकरीनिमित्त स्थिरावलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना गाड्यांचा नाद आहे, त्यांच्या मनात एक-दोन वर्षांत जुनी गाडी घेण्याचा विचार येतोच, आणि या विचाराची गाडी बहुतेक वेळा बीएमडब्ल्यूच्या छोट्या ३ सीरिज गाड्यांच्या ई३० या १९८० च्या दशकातील पिढीपाशी येऊन थांबते. अशा नवख्या खरेदीदाराने काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि कशाला भुलू नये, एवढ्यापुरताच हा लेख आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो: पहिली ई३० घेताना इंजिनाच्या आकड्यांवर किंवा मागच्या बिल्ल्यावर न जाता पत्रा पाहावा, आणि ज्या गाडीचा पत्रा सर्वांत निरोगी असेल ती, मग ती कितीही साधी असो, घ्यावी.

या गाड्यांवर लोकांचा एवढा जीव का, हे आधी थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे आहे, कारण निवड त्यावरच अवलंबून असते. चार माणसे आणि त्यांचे सामान नेणारी, बाहेरून साधी दिसणारी, पण वळणावर चालकाला आनंद देणारी छोटी सेडान हा प्रकार युरोपात १९५० आणि १९६० च्या दशकांत आकाराला आला. इटलीत आल्फा रोमिओने १९६२ मध्ये जुलिया आणली; तिचा डबा चौकोनी दिसत असला तरी हवेला होणारा अडथळा त्या काळाच्या मानाने फार कमी होता, आणि इटालियन पोलिसांनीही ती वर्षानुवर्षे वापरली. जर्मनीत १९५९ च्या अखेरीस डाइमलर-बेंझच्या घशात जाता जाता वाचलेल्या बीएमडब्ल्यूने १९६१ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आपली नवी छोटी सेडान दाखवली आणि कंपनी सावरली. त्याच घराण्यातील धाकट्या गाडीत दोन लिटरचे इंजिन बसवून १९६८ मध्ये २००२ हे मॉडेल बाजारात आले. १९७५ च्या ई२१ या आधीच्या पिढीनंतर १९८२ च्या शेवटी ई३० आली, ती आधी दोन दारांची आणि पुढच्या वर्षी चार दारांची.

ई३० ची लांबी जेमतेम ४.३ मीटर आणि रुंदी १.६५ मीटरच्या आत आहे. वजन बहुतेक मॉडेलांत हजार ते बाराशे किलोच्या आसपास भरते. खिडक्यांचे खांब बारीक असल्याने चारही बाजू स्पष्ट दिसतात, डॅशबोर्डचा मधला भाग चालकाकडे किंचित वळवलेला आहे, आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद व पुढच्या चाकांनी होणारे स्टीअरिंग यांची विभागणी हाताला स्पष्ट जाणवते. या गुणांपैकी एकही गुण महागड्या मॉडेलापुरता राखीव नाही. चार सिलिंडरच्या ३१८आय मध्येही तेच खांब, तोच डॅशबोर्ड आणि तेच सस्पेन्शन आहे. किंबहुना नाक हलके असल्यामुळे वळणात ती अधिक चपळ वाटते.

पहिली पायरी: कोणती ई३०

एम३ चा विचार सोडून द्यावा. शर्यतींच्या नियमांसाठी १९८६ पासून बांधलेल्या या मॉडेलाच्या सर्व प्रकार मिळून अठरा हजारांच्या आतच गाड्या निघाल्या, त्यांचा बराचसा पत्रा साध्या ई३० पेक्षा वेगळा आहे, आणि आज त्या शौकिनांपेक्षा गुंतवणूकदारांच्या हातात जास्त आहेत. उरलेल्या ई३० मात्र तेवीस लाखांहून अधिक बनल्या. नवख्याने तिथेच शोध घ्यावा.

इंजिनांची ओळख करून घ्यावी. १९८७ पर्यंतच्या ३१६ आणि ३१८आय मध्ये एम१० हे जुने, दणकट, टायमिंग चेन असलेले इंजिन होते. त्यानंतरच्या ३१६आय आणि ३१८आय मध्ये एम४० आले; ते मवाळ चालते, पण त्याला टायमिंग बेल्ट आहे आणि त्याच्या कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) झीज हा ओळखीचा आजार आहे. बोनेटखालून सतत टकटक ऐकू आली तर कॅमशाफ्टचा खर्च गृहीत धरूनच किंमत बोलावी. १९८९ मधील ३१८आयएस मध्ये सोळा व्हॉल्व्हचे, १३६ अश्वशक्तीचे एम४२ इंजिन आहे. ही गाडी फार गोड आहे, मात्र ती दोन दारांतच मिळते आणि विक्रेत्यांनाही तिची गोडी ठाऊक झाली आहे. एम२० हे एका ओळीत सहा सिलिंडर असलेले इंजिन ३२०आय, ३२३आय आणि १९८५ पासूनच्या ३२५आय मध्ये येते. ३२५आय मध्ये ते सुमारे १७० अश्वशक्ती देते, आणि त्याचा आवाज ऐकल्यावर लोक व्यवहार विसरतात हे खरे आहे. म्हणूनच ते शेवटी ऐकावे.

१९८७ च्या उत्तरार्धात सेडानमध्ये मोठे बदल झाले. धातूचे चकचकीत बंपर जाऊन प्लॅस्टिकचे आले, मागचे दिवे मोठे झाले, पेट्रोलची टाकी वाढली आणि गंजरोधक संरक्षणही सुधारले. जुन्या बंपरची गाडी दिसायला देखणी असली तरी पहिल्या खरेदीसाठी मी नंतरच्या काळातील चार दारांची ३१८आय किंवा ३२०आय सुचवीन. दोन दारांच्या गाडीला बाजारात जास्त भाव येतो, आणि तो फरक चालवताना कुठेही जाणवत नाही. उलट मुले असलेल्या घरात मागची दोन दारे रोज कामाला येतात.

दुसरी पायरी: पत्रा

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण ई३० चे जवळजवळ प्रत्येक यांत्रिक काम ठरावीक पैशांत आणि ठरावीक दिवसांत होते, तर गंजाचे काम कुठे थांबेल हे कापायला सुरुवात केल्याशिवाय चांगल्या डेंटरलाही सांगता येत नाही. जर्मनीत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते आणि तीस-चाळीस हिवाळ्यांचे मीठ या गाड्यांच्या पोकळ भागांत साठलेले असते. सोबत टॉर्च, कापडात गुंडाळलेले साधे चुंबक आणि जमिनीवर अंथरायला जुने जाजम न्यावे. गाडी धुतलेली पण कोरडी असावी आणि दिवसाच्या उजेडात पाहावी. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक लपतो.

प्रथम जॅक लावण्याच्या चार जागा पाहाव्यात. दारांखालच्या पट्ट्याच्या दोन्ही टोकांना असलेल्या या जागा आतून कुजतात, आणि वरून काळा जाड थर मारून त्या झाकलेल्या असतात. थर ताजा, लुसलुशीत आणि फक्त तेवढ्याच भागावर असेल तर संशय घ्यावा. बोटाने जोर देऊन पत्रा दबतो का ते पाहावे. स्क्रूड्रायव्हरने टोचण्यापूर्वी मालकाची परवानगी मागावी, आणि त्याने ती नाकारली तर त्यातून काय समजायचे ते समजावे.

त्यानंतर डिकी उघडून चटई पूर्ण काढावी. मागच्या दिव्यांचे रबर आकसले की पाणी आत येते आणि दोन्ही कोपऱ्यांतील खोलगट भागांत साचते. सहा सिलिंडरच्या बऱ्याच गाड्यांमध्ये बॅटरीही डिकीच्या उजव्या कोपऱ्यात असते, त्यामुळे तेथे पाण्यासोबत आम्लाचाही मारा झालेला असतो. बॅटरीखालचा पत्रा पाहिल्याशिवाय सहा सिलिंडरची ई३० घेऊ नये. चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांत बॅटरी बोनेटखाली असते; तेथे तिच्याखालची जागा आणि समोरच्या काचेखालची भिंत पाहावी. ही भिंत कुजली तर पावसाचे पाणी पायाशी येते, आणि तिची दुरुस्ती करायला पुढची अर्धी गाडी मोकळी करावी लागते.

सनरूफच्या कडा, मागच्या मडगार्डची कमान, पेट्रोल भरण्याच्या झाकणाभोवतीचा भाग आणि नंबरप्लेटच्या दिव्यांची जागा या नेहमीच्या जागा आहेत. कमानीवर चुंबक फिरवताना ते एखाद्या ठिकाणी धरत नसेल, तर रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. थोडी लांबी म्हणजे गुन्हा नव्हे. एवढ्या वर्षांत पार्किंगमध्ये एखादा पोचा येणारच. दोन्ही कमानींत सारखीच लांबी असेल तर मात्र ते पोच्याचे नसून गंजाचे काम आहे.

शेवटी गाडी लिफ्टवर पाहण्याचा आग्रह धरावा. अनेक तपासणी केंद्रे वापरलेल्या गाडीची खरेदीपूर्व तपासणी ठरावीक फी घेऊन करतात, आणि परक्या भाषेत घासाघीस करणाऱ्या माणसाला त्यांचा लेखी अहवाल दहा वाक्यांपेक्षा जास्त उपयोगी पडतो. लिफ्टवर मागच्या सस्पेन्शनच्या जोडण्या, ब्रेकच्या नळ्या आणि पेट्रोलच्या टाकीभोवतीचा पत्रा पाहून घ्यावा. तेलाचा थोडा ओलावा असला तरी घाबरू नये. भाड्याच्या तळघरातील पार्किंगमध्ये गाडी ठेवायची असेल तर मात्र घरमालक घाबरेल, याची नोंद घ्यावी.

तिसरी पायरी: इंजिन आणि मीटर

मालकाला आधीच कळवावे की इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहायचे आहे. तुम्ही पोहोचताच बोनेट गरम लागले तर थोडा वेळ थांबण्याची तयारी ठेवावी. थंड इंजिनातून निळा धूर येतो का, फेरे स्थिर राहतात का आणि ऑइलच्या झाकणाखाली पांढरट मलई जमली आहे का, ते पाहावे. एम२० इंजिन एकदा जरी फार तापले असेल, तर त्याच्या सिलिंडर हेडला तडा जाण्याचा धोका असतो; म्हणून रेडिएटर, पाण्याचे पाइप आणि पंख्याची जोडणी यांच्या बिलांबद्दल विचारावे.

टायमिंग बेल्टबाबत तडजोड करू नये. एम२० मध्ये बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात, म्हणजे शंभर-दोनशे युरोच्या सामानापायी इंजिन हातचे जाते. साधारण ६०,००० किलोमीटर किंवा चार-पाच वर्षे, यांपैकी जे आधी येईल तेव्हा तो बदलायचा असतो. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा मालक ‘बेल्टचे रनिंग फारसे झालेले नाही’ असे सांगतो, तेव्हा रबराचे वय विचारावे. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असेच समजावे आणि पाण्याचा पंपही त्याच वेळी बदलून घेण्याचा खर्च किमतीतून वजा मागावा.

मीटरवर विश्वास ठेवण्याचे दिवस या गाड्यांच्या बाबतीत केव्हाच संपले. किलोमीटर मोजणाऱ्या यंत्रणेतील प्लॅस्टिकचे छोटे दाते वयोमानाने तुटतात, आणि वेगाचा काटा चालू असताना आकडे मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून चालवून पाहताना एक किलोमीटर सरला की आकडा पुढे गेला का, हे आवर्जून पाहावे. दुसरा दोष अधिक फसवा आहे. सर्व्हिसची आठवण देणारे हिरवे-पिवळे दिवे ज्या सर्किटवर असतात त्यावर छोट्या बॅटऱ्या कायमच्या बसवलेल्या असतात. त्या गळल्या की इंजिनाचे फेरे आणि तापमान दाखवणारे काटे भलतेच काही दाखवू लागतात. काटा लाल पट्ट्याकडे गेला तर इंजिन खरेच तापले आहे की सर्किट खोटे बोलत आहे, हे तपासल्याशिवाय ‘तो तसाच आहे’ हे उत्तर स्वीकारू नये.

चौथी पायरी: चालवून पाहणे

रस्त्यावर काढल्यावर पहिली दहा मिनिटे रेडिओ बंद ठेवून नुसते ऐकावे. ताशी ८० ते १०० किलोमीटरच्या दरम्यान स्टीअरिंग थरथरले तर पुढच्या आर्मचे बुश, चाकांचे बॅलन्सिंग किंवा ब्रेकच्या डिस्क यांपैकी काही तरी गेले आहे, आणि यांतील एकही काम मोठे नाही. गिअर बदलताना मागून धक्का जाणवला तर प्रॉपेलर शाफ्टवरची रबरी चकती, जिला जर्मन फिटर हार्डीशाइब म्हणतात, फाटलेली असण्याची शक्यता असते. गिअरबॉक्स गार असताना दुसरा गिअर किंचित अडखळला तर चालते. तापल्यावरही करकरला तर आतले काम निघाले असे धरावे.

ई३० नव्या गाडीसारखी वागेल ही अपेक्षा ठेवू नये. स्टीअरिंग बरेच फिरवावे लागते, सुरुवातीच्या अनेक गाड्यांना पॉवर स्टीअरिंग नाही, आणि एअरबॅग व इलेक्ट्रॉनिक स्थिरता यांच्या सवयीने चालवणाऱ्याला ओल्या रस्त्यावर ती चकवू शकते. मागच्या सस्पेन्शनच्या रचनेमुळे वळणाच्या मध्यावर ॲक्सिलरेटर एकदम सोडला तर मागचे टोक बाहेर सरकते. जाणकारांच्या प्रेमाचे एक कारण हेच आहे. नवख्याने मात्र वळणाआधी वेग कमी करून वळणात हलका ॲक्सिलरेटर कायम ठेवण्याची सवय लावून घ्यावी, आणि टायर किती वर्षांचे आहेत ते त्यांच्या कडेवरील चार आकड्यांवरून वाचावे. टायरवर भरपूर नक्षी शिल्लक असली तरी दहा वर्षांचे रबर पावसात निरुपयोगी असते. त्या काळी काही गाड्यांना मिलिमीटरमध्ये मोजलेल्या खास रिम दिल्या जात. त्यांना आजचे साधे टायर बसत नाहीत आणि बसणारे फार महाग पडतात.

पाचवी पायरी: कागद आणि सौदा

जर्मनीत गाडीची कागदपत्रे दोन भागांत असतात. पहिला भाग आपल्या आरसी बुकासारखा सोबत बाळगायचा असतो. दुसरा भाग घरी सुरक्षित ठेवतात आणि तो विक्रेत्याकडे असणे अत्यावश्यक आहे. बोनेटखालच्या पत्र्यावर कोरलेला चॅसिस नंबर दोन्ही भागांशी ताडून पाहावा. बदललेल्या रिम, खाली घेतलेले सस्पेन्शन, वेगळा सायलेन्सर किंवा छोटे स्टीअरिंग यांपैकी जे काही मूळचे नसेल, त्याची कागदोपत्री नोंद किंवा मान्यतापत्र आहे का हे विचारावे. नोंद नसेल तर पुढच्या पासिंगला तो प्रश्न तुमचा होतो. जुने पासिंगचे अहवाल मात्र सोन्यासारखे असतात, कारण त्यांवर त्या त्या वर्षीचे किलोमीटर आणि सापडलेले दोष छापलेले असतात.

खासगी विक्रेता करारात विक्रीनंतरची बरीचशी जबाबदारी झटकू शकतो आणि बहुधा झटकतोच. व्यावसायिक विक्रेत्याला सामान्य ग्राहकाशी तसे करता येत नाही. याचा अर्थ व्यापाऱ्याकडेच जावे असा नाही. वीस वर्षे एका हातात राहिलेली, बिलांची फाइल असलेली साधी गाडी बहुधा खासगी मालकाकडेच सापडते. गाडी पाहण्यापूर्वी पैसे मागणाऱ्याशी पुढचे बोलणे थांबवावे.

सहावी पायरी: नोंदणी, कर आणि विमा

प्रथम नोंदणीला तीस वर्षे पूर्ण झालेली, चांगल्या स्थितीतील आणि मूळ रूपात असलेली गाडी तज्ज्ञाच्या अहवालानंतर ऐतिहासिक वाहन ठरते आणि तिच्या नंबराच्या शेवटी एच हे अक्षर लागते. ही सोय १९९७ पासून आहे आणि ई३० च्या सर्व सेडान आता वयाची अट पूर्ण करतात. एच असलेल्या मोटारीला इंजिन कितीही मोठे असले तरी वर्षाला १९१.७३ युरो हा एकच कर लागतो, आणि शहरांतील पर्यावरण क्षेत्रांत हिरव्या स्टिकरशिवाय जाता येते.

तरीही प्रत्येकाने डोळे मिटून एच घेऊ नये, कारण येथे हिशेब गमतीदार आहे. पेट्रोल गाडीचा साधा कर दर १०० घनसेंटिमीटरमागे युरो १ या उत्सर्जन गटात १५.१३ युरो आणि युरो २ गटात ७.३६ युरो असतो. अनेक ई३० गाड्यांना पूर्वीच्या मालकांनी छोटे उपकरण बसवून युरो २ गटात नेलेले आहे. अशी १.८ लिटरची ३१८आय साध्या नंबरवर वर्षाला सुमारे १३२ युरोच भरते, आणि अडीच लिटरची ३२५आयही १८४ युरोंत सुटते. युरो १ मध्ये मात्र हेच आकडे अनुक्रमे सुमारे २७२ आणि ३७८ होतात, म्हणजे तेथे एच घेणे शहाणपणाचे. गट कोणता ते कागदाच्या पहिल्या भागात लिहिलेले असते.

गाडी फक्त उन्हाळ्यात चालवायची असेल तर ठरावीक महिन्यांचा हंगामी नंबर घ्यावा. २०१७ पासून तो एच सोबतही मिळतो. हंगामाबाहेर अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीही करता येत नाही, म्हणून खासगी जागेची सोय आधी करावी. जुन्या गाड्यांचा विमा स्वस्त मिळतो, पण विमा कंपन्या बहुधा रोजच्या वापराची दुसरी गाडी आणि स्थितीचा गुणांक मागतात. हा गुणांक १ ते ५ असा असून १ सर्वोत्तम असतो. आणि हे सगळे करण्यापूर्वी स्वतःच्या परवान्याकडे पाहावे: भारतीय परवाना जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून साधारणपणे सहा महिनेच चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.

सातवी पायरी: पहिले काही महिने

गाडी घरी आल्यावर रिम आणि रंग यांच्या मागे न लागता सर्व द्रवपदार्थ, टायमिंग बेल्ट, पाण्याचे पाइप, ब्रेकच्या रबरी नळ्या आणि इंधनाच्या जुन्या नळ्या बदलून घ्याव्यात. एम२० चे व्हॉल्व्ह हाताने जुळवावे लागतात. ते काम जमणारा फिटर गावात कोण आहे, हे शोधून ठेवावे. सुटे भाग ही अडचण सहसा येत नाही, कारण कंपनीचा जुन्या गाड्यांचा विभाग अजून पुष्कळ सामान पुरवतो. अडते ते आतल्या सजावटीपाशी. तडा न गेलेला डॅशबोर्ड आणि न फाटलेल्या सीट आधीच पाहून घ्याव्यात, कारण त्या शोधण्यात वर्षे जातात. शरद ऋतूत मीठ पडायला लागण्यापूर्वी खालचा भाग धुऊन, पूर्ण वाळवून पोकळ जागांत मेण फवारून घ्यावे, टाकी भरून ठेवावी आणि टायरमधली हवा थोडी वाढवावी.

मायदेशी परतायचे ठरले तर गाडी सोबत नेण्याचे बेत आखू नयेत; वापरलेल्या गाड्यांच्या आयातीचे भारतातील सर्वसाधारण नियम तीन वर्षांपेक्षा जुन्या आणि डाव्या स्टीअरिंगच्या गाडीला वाव देत नाहीत. अशा वेळी ताजे पासिंग करून घ्यावे, बिलांची फाइल लावावी आणि जाहिरात मार्च-एप्रिलमध्ये द्यावी. ऊन पडू लागले की येथे जुन्या गाड्यांचे गिऱ्हाईक वाढते, आणि नोव्हेंबरमध्ये तीच गाडी त्याच स्थितीत स्वस्तात द्यावी लागते.